नीलाक्कांचे आळोखेपिळोखे

आमच्या घरात कुणी मोठ्यानं जांभई देऊन अंग ताणलं, की अजूनही कुणीतरी म्हणतं, "आल्या नीलाक्का!" पूर्वी असं नव्हतं. पूर्वी आळस दिला की स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "दिवेलागणीला अंग मोडू नये, किती येळा सांगायचं?" आणि डोक्यावर गेलेले हात आम्ही भावंडं तसेच खाली आणायचो. जांभई तोंडातच विरायची. असे अर्धवट राहिलेले आळस माणसाच्या अंगात साठून राहतात, असं नीलाक्कांचं म्हणणं होतं. वर त्या हेही सांगायच्या, "हे माझं मत हाय. शास्त्र येगळं, माझं मत येगळं. दोन्ही एका पिशवीत भरू नका."

नीलांबिका पट्टणशेट्टी हे त्यांचं पूर्ण नाव. गडहिंग्लजकडच्या लिंगायत व्यापारी घरातल्या. घरी मिरचीचं दुकान, बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "राहिलं" एवढंच म्हणायच्या, तेही बस चुकल्याच्या सुरात. फिजिओथेरपी शिकल्या, बरीच वर्षं एका दवाखान्यात नोकरी केली आणि पन्नाशी उलटल्यावर ती सोडून राजारामपुरीच्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आपला वर्ग सुरू केला. कपाळावर विभूती, गळ्यात चांदीची लिंगाची डबी, पदर कमरेला खोचलेला आणि आवाज असा की खाली गिरणी चालू असली तरी वर त्यांचंच ऐकू यायचं. खोलीत सतरंज्या होत्या, उशा होत्या. आरसा नव्हता आणि घड्याळही नव्हतं. गिरणी सुरू झाली की फरशी थरथरायची आणि नवीन माणूस दचकायचा. नीलाक्का म्हणायच्या, "ती बी हलती, तुमी बी हला."

त्या वर्गात यायची ती दुखण्याला विटलेली माणसं. कुणाची कंबर, कुणाची मान, कुणाचा गुडघा. सगळ्यांच्या काखेत फायलींच्या पिशव्या, सगळ्यांचे रिपोर्ट चांगले आणि तरी सगळे कळवळत असलेले. तिथं त्यांना व्यायाम शिकवत नसत, मालिश करत नसत. आडवं व्हायचं, नाहीतर बसायचं, नाहीतर उभं राहायचं आणि डोळे मिटायचे, बस्स. "काय करायचं न्हाई," नीलाक्का सांगायच्या. "अंगाला काय करायचंय ते फक्त अडवायचं न्हाई. रडला तरी चालतंय, हसला तरी चालतंय, घोरला तरी चालतंय. मला दाखवायला म्हणून मात्र काय करायचं न्हाई."

मी तिथं पोचले ती दादाची ड्रायव्हर म्हणून. दादा माझा थोरला भाऊ. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्यांना सुटे भाग करून देणारं त्याचं छोटं वर्कशॉप आहे. गाडीवरून पडून त्याच्या डाव्या दंडाचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, हाड जुळलं. एक्स-रे बघत राहावा इतकं छान जुळलं. दुखणं मात्र गेलं नाही. वर्ष उलटलं तरी दादा डावा हात पोटाशी धरून, उजव्या तळव्यानं कोपराला आधार देऊन चालायचा, बसायचा, झोपायचासुद्धा. शर्टाची बाही घासली तरी त्याच्या तोंडून शिवी जायची. त्याची मुलगी ऋचा त्याला मिठी मारायची ती उजव्या अंगानं. हळूहळू आम्ही सगळेच त्याच्या उजव्या बाजूनं चालायला शिकलो. लेथवर तो उभा राहू शकत नव्हता. वर्कशॉप दुसऱ्याला चालवायला द्यायची बोलणी घरात सुरू झाली होती आणि ती बोलणी निघाली की दादा उठून बाहेर जायचा.

हाडाच्या डॉक्टरांनी त्याला स्वच्छ सांगितलं, "विनायकराव, हाडाचं काम संपलं. आता जे दुखतंय ते हाडामुळं नाही." आणि नीलाक्कांचा पत्ता दिला. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. पण दादानं त्यातून एवढंच ऐकलं की आपण सोंग करतोय. माझ्या ॲक्टिव्हावर मागं बसून घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि आमचा दादा गप्प बसला म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

नीलाक्कांकडे तो आला तो भांडायच्या तयारीनं. जिन्याच्या तोंडाशीच त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. कुठं दुखतंय, कधीपासून, किती, यातलं काहीच विचारलं नाही. फाईल मात्र शांतपणे पानन् पान बघितली. मग म्हणाल्या, "अण्णा, ह्यो हात रिकामा असला की काय करायचा?"

"म्हंजे?"

"म्हंजे दुखायच्या आधी. तुमी निवांत बसलासा, तवा ह्यो हात काय करत हुता? कुणाचा हात मिशीवर जातोय, कुणाचा खिशातली किल्ली वाजवतोय. तुमचा काय करायचा?"

दादाला सांगता येईना. मी जन्मभर त्याची बहीण, मलाही आठवेना. "त्यो हात लई दिवस काय करतच न्हाई," दादा पुटपुटला.

"त्यो हात? कुणाचा, शेजाऱ्याचा?" नीलाक्का कडाडल्या. "अण्णा, तुमचा हाय त्यो. नाव घिऊन बोला की त्याच्याशी."

घरी आल्यावर मी वहिनीला विचारलं. तिनं कणीक मळता मळता लगेच सांगितलं, "बोलताना नाचवायचे की! मला बघायला आले तवा हातवारे करून कायतरी सांगत हुते, आणि ह्याच डाव्या हातानं माझ्या बाबांच्या हातातली कपबशी उडवली. सगळा चहा धोतरावर. मी दाराआडनं बघितलं आणि म्हटलं, ह्योच नवरा करायचा." हात पोटाशी गेल्यापासून दादाचं बोलणंही आटलं होतं, हे त्या संध्याकाळी आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं. वहिनी पुढं बराच वेळ कणीक मळत राहिली, आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या खेपेला मी ही कपबशीची गोष्ट नीलाक्कांना सांगितली. त्यांनी नुसती मान डोलावली. तोवर दादाचा पारा चढलेलाच होता.

"मॅडम, एक सांगा," तो म्हणाला. "हाड बरं हाय म्हणत्यात. मग दुखतंय ते काय मनाचं खेळ?"

"मनाचं खेळ म्हणणाऱ्याच्या कानाखाली वाजवा, मी सांगतो." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी आलो, मी सांगतो. "दुखणं खरं हाय. शंभर टक्के खरं. तुमच्या कारखान्यात सेन्सर बिघडला की मशीन बंद पडतंय का न्हाई?"

"पडतंय."

"तवा मशीन खराब असतंय?"

"न्हाई. सेन्सर उगंच धोका दावतोय."

"मशीन खरोखर बंद पडतंय का खोटं खोटं?"

"खरोखर बंद पडतंय," तो म्हणाला. मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. "मग सेन्सर बदलायचा."

"ह्यो बदलता येत न्हाई, अण्णा, ह्यो डोस्क्यात हाय. त्याला परत शिकवाया लागतंय." त्यांनी स्वतःचा हात पुढं केला. "तुमी हात उचलायला निघालासा की मेंदू आधी इचारतोय, उचलू का? दुखंल का? आणि दुखंल म्हणून आधीच कळ काढून ठेवतोय. अंग आपसूक हललं की त्याला इचारायला सवडच मिळत न्हाई. हललं, आणि काय वंगाळ झालं न्हाई, हे त्याला मागनं कळतंय. असं परत परत कळलं की त्यो जरा निवांत हुतोय. असं म्हणत्यात. मी बघितलंय बी. पर सगळ्यांचं बरं हुतंय असं मी म्हणणार न्हाई, आणि का हुतंय ते सगळं मला कळलंय असं बी न्हाई."

शेवटच्या वाक्यानं दादा जरा नरमला. आम्हा लोकांचं असंच असतं. छातीठोक सांगणाऱ्यावर आम्ही शंका घेतो आणि मला सगळं कळत नाही म्हणणाऱ्याकडे थोडं टेकून बसतो.

तरी पुष्कळ दिवस काहीही झालं नाही. दादा भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचा, हात पोटाशी. मी दाराजवळच्या खुर्चीत वह्या तपासायला घेऊन बसायची. शाळेतली मास्तरीण आहे मी, वह्या कुठंही तपासते. पण तिथं माझं लक्ष वह्यांत कमी आणि सतरंज्यांवर जास्त. आधी सगळे ओंडक्यासारखे पडून असायचे. मग कुणाचं तरी बोट हलायचं, कुणाची मान आपली आपण एका कुशीला वळायची, कुणी पाय पोटाशी घेऊन डुलायला लागायचं. नीलाक्का अनवाणी मधून फिरायच्या. कुणाला हात लावायच्या नाहीत आणि कुणाला शाबासकी द्यायच्या नाहीत. मला एकदा कानात म्हणाल्या, "शाबास म्हटलं की पुढच्या खेपंला त्यो माझ्यासाठी हलतोय. मग झालंच की नाटक."

शाबासकीवाचून सगळ्यात हाल झाले ते सरनाईक सरांचे. सर निवृत्त पीटीचे मास्तर. मान आखडलेली. जन्म कवायतीत गेलेला. डोळे मिटा म्हटलं की ते डोळे मिटायचे, आणि थोड्या वेळानं त्यांचा उजवा हात वर जायचा, बाजूला जायचा, खाली यायचा. मग डावा. तोंडानं बारीक आवाजात एक, दोन, तीन, चार. कोल्हापूरच्या माणसाला अंग हलवायचं म्हणजे मोजायचं, हे बाळकडूच. जोर मोजायचे, बैठका मोजायच्या, रंकाळ्याच्या फेऱ्या मोजायच्या. नीलाक्का त्यांच्या डोक्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, मोजताय?"

"मनातल्या मनात."

"गिरणीत बी ऐकू गेलं. सर, तुमचं अंग अजून शाळंत हाय. घंटा झाली, सोडा त्याला घरी."

सरांना राग आला. म्हणाले, "मग करू काय?" नीलाक्का म्हणाल्या, "काय बी नगा करू." सर रागारागानं आडवे झाले आणि कधी घोरायला लागले त्यांचं त्यांना कळलं नाही. घोरता घोरता त्यांनी कूस बदलली आणि आखडलेली मान अलगद वळून उशीत गेली. नीलाक्कांनी आम्हाला खूण करून तो देखावा दाखवला. सर उठल्यावर त्यांनी त्यांच्या हातावर गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे ठेवले. वर्ग संपला की प्रत्येकाला ते मिळायचं. "आधी खावा, मग बोला" असा तिथला नियम होता, त्यामुळे सरांचं भांडण शेंगदाण्यातच विरघळलं.

नावं मात्र नीलाक्कांच्या कधी लक्षात राहिली नाहीत. दवाखान्यात इतकी वर्षं काढूनही नाही. त्या माणसं ओळखायच्या ती त्यांच्या दुखण्याच्या ढबीवरून. सरनाईक सर म्हणजे मान आखडलेले सर. दादा म्हणजे हातवाले अण्णा. जिन्यावरची पावलं ऐकून त्या सांगायच्या, "कंबरवाल्या मावशी आल्या, आज डाव्या पायावर भार कमी हाय." मी तर कशातच बसत नव्हते, म्हणून माझं नाव डायवर बाई.

मंगळवारी घडलेली एक गोष्ट तर त्या गल्लीत अजून सांगतात. त्या दिवशी वर्गात बायका जास्त होत्या. सरकारी कचेरीत अधिकारी असलेल्या देसाई मॅडम, मोठ्या कडक बाई, खिडकीजवळ मांडी घालून बसल्या होत्या. डोळे मिटलेले, केसांचा अंबाडा सुटलेला आणि कमरेपासून वरचं अंग गोल गोल डुलत होतं. आजूबाजूला आणखी दोघी-तिघी डुलत होत्या. समोरच्या घरातल्या हौसाबाईंनी ते खिडकीतून बघितलं. मंगळवार, मिटलेले डोळे, मोकळे केस, घुमणाऱ्या बायका. हौसाबाईंना जे वाटायचं तेच वाटलं. त्या हळदकुंकू, नारळ आणि खण घेऊन थेट वर आल्या, आम्ही काही म्हणायच्या आत त्यांनी देसाई मॅडमच्या कपाळाला मळवट भरला, पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाल्या, "आई, माझ्या थोरल्याचं लगीन कधी जमंल तेवढं सांग."

देसाई मॅडम दचकल्या. समोर कुणीतरी वाकून काहीतरी मागतंय एवढंच त्यांना कळलं, आणि जन्माची सवय तोंडातून बाहेर पडली, "सोमवारी या."

सगळी खोली हसून लोळली. त्या दिवशी जेवढी अंगं मोकळी झाली तेवढी पुन्हा कधी झाली नसतील. नीलाक्का एकट्या हसल्या नाहीत. हौसाबाई खाली बसताना कमरेला हात लावून बसल्या होत्या, त्यांचं लक्ष तिकडं.

"मावशी, कंबर कधीपासनं?" त्यांनी विचारलं.

"ती व्हय? ती काय, जन्माचीच."

"राहू दे तो नारळ. बसा हितं. हितं कुणी बाहेरनं येत न्हाई, मावशी. जे हाय तेच हलतंय."

हौसाबाई बसल्या त्या बसल्याच, नेमानं यायला लागल्या. सगळे गेल्यावर नीलाक्का खिडकीशी उभ्या राहून मला म्हणाल्या, "हसू नका त्यांना. आमच्या अव्वाच्या, आईच्या बी अंगात यायचं, सौंदत्तीच्या देवीचं. वर्षभर घागरी उचलायची, भाकऱ्या थापायची, आणि त्या एका दिवशी सगळं अंग सोडून द्यायची. दुसऱ्या दिवशी कशी हलकी दिसायची म्हणून सांगू! देवाच्या नावानं का हुईना, बायकांच्या अंगाला हलायची मुभा हुती. एरवी कोण देतंय?" माझ्या डोक्यात आईचं ते "अंग मोडू नये" घुमत होतं. पुढं हौसाबाईंच्या थोरल्याचं लग्न जमलं. मुलीकडचे सोमवारीच आले होते, त्यामुळे देसाई मॅडमविषयीचं हौसाबाईंचं मत आजतागायत बदललेलं नाही.

दादाचा खरा विश्वास बसला तो वेगळ्याच प्रसंगानं. मुरगूडकडचा एक तरुण शेतकरी पाठीच्या दुखण्यासाठी आला. कुणीतरी सांगितलं होतं, तिथं जावा, नुसतं पडून राहिलं की बरं होतंय. नीलाक्कांनी त्याला उभ्या उभ्याच प्रश्न विचारले. ताप येतो का, वजन उतरलंय का, पडून राहिलं तरी दुखायचं थांबत नाही का. त्याच्या उत्तरांसरशी त्यांचा चेहरा बदलत गेला. "तुमचं काम हितं न्हाई, अण्णा," त्या म्हणाल्या. वर्ग तसाच सोडून, त्याला रिक्षात घालून त्या स्वतः दवाखान्यात घेऊन गेल्या. त्याच्या मणक्याला क्षयाची लागण झालेली निघाली. वेळेवर औषधं सुरू झाली आणि तो खणखणीत बरा झाला. पुढं गुळाची ढेप घेऊन आला तेव्हा नीलाक्कांनी त्याला ओळखलं नाही, पण ढेप ठेवून घेतली. त्या दिवशी घरी जाताना दादा गाडीवर मागून म्हणाला, "नंदे, ही बाई सगळ्यांना एकच औषध देत न्हाई." मग थोड्या वेळानं, "माझी फाईल बी तिनं नीट बघितली हुती, न्हवं का?"

"पानन् पान," मी म्हटलं.

त्यानंतरच्याच कुठल्यातरी वर्गातली गोष्ट. दुपार उतरत आलेली, खाली गिरणी चालू, पिठाचा वास वर आलेला. हौसाबाईंनी जांभई दिली. मोठी, आवाज करून, दोन्ही हात ताणून. जांभई अशी चीज आहे की ती एकटी थांबत नाही. सरनाईक सरांना आली, त्यांच्या शेजारच्याला आली, मलाही आली. आणि मग भिंतीला टेकलेल्या दादाचं तोंड उघडलं. डोळे घट्ट मिटलेले. त्याचे खांदे वर चढले, पाठ भिंतीपासून सुटली आणि दोन्ही हात, दोन्ही, डोक्याच्या वर गेले. बोटं ताणली, मनगटं वळली, तोंडातून लहान मुलासारखा आवाज निघाला. वर्षभर पोटाशी बांधल्यासारखा राहिलेला हात पुरता सरळ झाला होता.

मी खुर्चीतून अर्धी उठले. नीलाक्कांनी तिकडूनच माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बसले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दादाचे हात सावकाश खाली आले. डावा पोटाकडे गेला नाही, मांडीवर पडला आणि तिथंच राहिला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. हातातली वही भिजली, ती पुढं एका मुलाला द्यायची होती याचंही मला भान नव्हतं.

नीलाक्का त्याला काहीच बोलल्या नाहीत. शाबासकी तर नाहीच. गूळ-शेंगदाणे तेवढे त्यांनी त्याच्या डाव्या हातावर ठेवले, आणि दादानं ते घेतले. जिन्यात मी त्याला सांगितलं, "दादा, तुझा हात डोक्यावर गेला होता."

"येडी का काय तू?" तो म्हणाला. मग पायरीवर थांबला, हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "दुखला न्हाई गं."

जादू झाली असं मी सांगणार नाही, नीलाक्कांनाही ते आवडणार नाही. पुन्हा दुखलं, पुन्हा हात पोटाशी गेला, पुन्हा सुटला. पण आता दादाला ठाऊक झालं होतं की हा हात जाऊ शकतो, आणि जाऊन काही वाईट होत नाही. काही आठवड्यांनी जेवताना तो सरनाईक सरांच्या घोरण्याची नक्कल करून दाखवत होता. सांगता सांगता डावा हात उडाला आणि वहिनीच्या पुढ्यातली ताकाची वाटी थेट तिच्या साडीवर. ऋचा ओरडली, आई "बघून की रे" म्हणाली. वहिनी मात्र भिजलेल्या साडीकडे बघत हसत सुटली, हसता हसता रडायला लागली आणि "पुस की" म्हटलं तरी पुसेना. वर्कशॉप दुसऱ्याला द्यायची बोलणी त्यानंतर घरात कुणी काढली नाहीत. दादा लेथवर परत उभा राहिला.

पुढं नीलाक्कांच्या अव्वा फार थकल्या आणि नीलाक्का वर्ग बंद करून गडहिंग्लजकडे निघून गेल्या. निरोपसमारंभ वगैरे काही करू दिला नाही. गिरणीवाल्याकडे सतरंज्या ठेवल्या आणि गेल्या. त्यांना फोन करायचा आळस, आम्हालाही संकोच. अशी दोन-तीन वर्षं गेली.

परवा आम्ही ऋचाला पुण्याला कॉलेजला पाठवायला मध्यवर्ती बस स्थानकावर गेलो होतो. गर्दीत कुणीतरी माझा दंड धरला. "डायवर बाई!" आवाज तोच. विभूती, गळ्यात तीच चांदीची डबी, हातात कापडी पिशवी. केस सगळे पांढरे झालेले. दवाखान्याच्या कामाला कोल्हापुरात आल्या होत्या आणि आता गडहिंग्लजच्या गाडीसाठी उभ्या होत्या.

"वर्ग परत चालू केलाय की," त्या सांगायला लागल्या. "आमच्या मिरचीच्या गोदामाच्या वर. सगळी नुसती शिंकत असत्यात. शिंकंला कोण अडवतंय? अर्धं काम तिथंच हुतंय." आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "तुमचे ते हातवाले अण्णा कसे हाईत? का परत हात पोटाशी घिऊन बसलेत?"

दादा माझ्या शेजारीच उभा होता. डाव्या खांद्यावर ऋचाची भलीमोठी बॅग, हात बॅगेच्या पट्ट्यावर. नीलाक्कांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, कुणीतरी पावणं असतील अशा नजरेनं, आणि परत माझ्याकडे वळल्या.

मी दादाकडे बघितलं. त्याचा चेहरा मी आयुष्यात तसा बघितला नव्हता. दहावीचा निकाल लागला तेव्हाही नाही. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "बरं हाय त्यांचं, अक्का. झकास हाय." मग बॅग खाली ठेवली, डावा हात पोटाशी घेतला, उजवा तळवा कोपराखाली धरला आणि मान जरा पाडून उभा राहिला.

"अय्योऽऽ!" नीलाक्का ओरडल्या. दोन फलाटांवरची माणसं वळली. "अण्णा, तुमी? मी वळखलंच न्हाई की!" आणि पुढं होऊन त्यांनी त्याच्या हातावर फाडकन चापट मारली. "काढा, काढा तो हात तिथनं! त्याला आठवण करून देऊ नगा!" त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "वळखलंच न्हाई मी." दादा हसत नुसता मान हलवत होता. त्या कधी शाबासकी देत नसत, पण त्या दिवशी त्याला ती मिळाली असं मी समजते.

त्यांची गाडी लागली. आम्ही पिशवी वर चढवून दिली. त्या खिडकीशी बसल्या, शेजारी एक टोपीवाले गृहस्थ बसले. गाडी सुटायच्या आधी नीलाक्कांनी तोंड उघडलं आणि भल्या मोठ्या जांभईबरोबर दोन्ही हात असे ताणले की टोपीवाल्यांना खाली वाकावं लागलं. गाडी वळून निघून गेली.

त्या जांभईनं फलाटावर दादाला गाठलंच. भर गर्दीत त्यानं टाचा उचलल्या, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मनसोक्त आळस दिला. मागून गाठोडं घेऊन येणाऱ्या माणसाच्या फेट्याला त्याचा डावा हात लागला.

"ओ पावणं!" तो माणूस खेकसला. "हात सांभाळा की जरा!"

"लई सांभाळला," दादा म्हणाला, "आता न्हाई सांभाळत."